दहा वर्षं पूर्ण होऊ दे

फोन आला तेव्हा मी जुईची भागाकाराची वही तपासत होते. रिसोडहून माझ्या ताईच्या शेजारीणबाई बोलत होत्या. "लवकर निघा... ताई उठूनच नाही राह्यल्या." मालेगावच्या स्टँडवर बसची वाट बघताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, सांगायलाही लाज वाटते. माझ्या जुईला दहा पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते.

ताई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. पण तिची पहिली विद्यार्थिनी मी, पाच वर्षांची. मला धड ‘र’ म्हणता येत नव्हता आणि रोज सकाळी चुलीपुढे बसून रामः रामौ रामाः. चुकलं की पहिल्यापासून. मी रडायचे, ती हटायची नाही. भाकरी थापताना, केर काढताना ती खड्या आवाजात श्लोक म्हणायची, आणि तो आवाज आला की मी गोठ्यात लपायचे. संस्कृत आलं नाहीच, भीती तेवढी पाठ झाली.

पुढे आम्ही जुईला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं. गावाने आम्हाला वेड्यात काढलं. ताई मात्र खूश झाली, दर रविवारी येऊ लागली. जुई तेव्हा चार वर्षांची.

"पोरीच्या कानावर पडू दे ना वं संस्कृत. या वयात ध्यानात राह्यते."

"दहा वर्साची होऊ दे. आधी मराठी पक्की होऊ दे तिची. तोवर एक शब्द नाही पाह्यजे मले."

ती म्हणाली, "तुले लय लवकर धरलं मी, शीले. चुकलंच माहं. थांबीन मी."

आणि थांबली. जुईला तिने टाके घालायला शिकवलं, पाखरं ओळखायला शिकवलं. संस्कृत म्हणजे काय, असं पोरीने विचारलं की म्हणायची, "आईले इचार." पोर सातव्या वर्षीच तयार होती, हे मला दिसत होतं. तरी अडून बसले. ते जुईसाठी नव्हतंच, चुलीपुढे रडणाऱ्या त्या पोरीसाठी होतं. ताईने माझ्यापाशी एकदाही पुन्हा शब्द काढला नाही. आमच्या घरात वावरताना ती श्लोक म्हणत नाही हे लक्षात आलं होतं, पण वय झालं, दम लागत असेल, असं मी धरून चालले.

त्या दिवशी मी रिसोडला पोचण्याआधीच ताई गेली होती. गेल्या आठवड्यात जुई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"काय म्हनून राह्यली वं?"

"काही नाही. मावशी अशीच करे. मी रिसोडले राह्याले गेली का दुरून सयपाकघरातला तिचा मोठ्ठा आवाज ये, शब्द नाही समजे. मी दिसली का आवाज बंद. ओठ तेवढे चालू."

मी धडे नको म्हणाले होते. तिने श्लोकच गिळले, सहा वर्षं, आणि मला पत्ता नव्हता.

"काय म्हने मंग ती?" मी कसंबसं विचारलं.

"मले काय माहीत? तिनं कधी आयकूच नाही देल्लं."

एवढं बोलून जुईने पुढची शेंग उचलली, आणि तिचे ओठ पुन्हा हलू लागले.