मोहाखालचा राखणदार

पोरीच्या नव्या चित्रकादंबरीला शाईचा वास आला आणि मी मनानं तरुणपणीच्या, सिंदेवाहीजवळच्या रानात पोचलो. पहाटे आत्या वाकून मोहफुलं वेचत होती. वाघावर नजर ठेवायचं काम कॉलेजात शिकलेल्या माझ्यासारख्या शहाण्याचं! मी मात्र आयुष्यातली पहिली चित्रकादंबरी उघडून बसलेलो. काळ्या पानांवर झाडांना दात फुटत होते, पाखरं मुकी होत होती. रानातलीही कधी मुकी झाली, कळलंच नाही.

"दिसते का रे काही?"

"नाई, आत्या," मी मान वर न करताच म्हणालो.

टोपली भरल्यावर आत्या माझ्यामागं थबकली. झाडाखाली जाळलेल्या पाल्याच्या राखेत ताजा पंजा उमटला होता, माझ्यापासून हातभर.

"काऊन रे, तुले राखनीले आनलं का वाघाच्या न्याहारीले?"

तेव्हा मी हसलो. आज त्या पुस्तकातला राक्षस आठवत नाही. पंजाचा रोख आत्याकडे होता, तो आठवतो.