अंगणातल्या तंबूची सूचना

अनारकुल एजेंना नुसत्या नावाने हाक मारणारी माणसं गावात आता चार-पाचच उरली असतील. बाकीच्यांसाठी त्या एजे, म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे शाळेतल्या बाईंनाही असंच म्हणतात. नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला प्राथमिक शाळा. तिथे एजे चोवीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवत होत्या.

हिवाळा लागला की त्यांचं शिकवणं निम्मं आणि सूचना देणं निम्मं. पूर्वी त्या चिठ्ठ्या लिहून मुलांच्या कोटाच्या अस्तराला टाचणीने लावायच्या. अलीकडे सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलं होतं. उणे पंचवीसच्या खाली गेलं तर लहान वर्गांना सुट्टी. कोळसा ओला आलाय, वर्गात आतून एक स्वेटर जास्त घाला. डाव्या पायाचा बूट कोणाचा तरी राहिलाय, फोटो बघा. कुबात नावाचा एक बाप, ट्रक चालवायचा, तो हमखास खाली लिहायचा, "एजे, तुमचा मेसेज आला की बायको पोराच्या आधी मलाच मफलर गुंडाळते."

ग्रुपमध्ये एकतीस पालक होते. त्यातले अकरा रशियात. मुलं आजीकडे किंवा मामाकडे ठेवून ते तिकडे राबायला गेलेले. त्यांच्यासाठी हा ग्रुप म्हणजे मुलाच्या दिवसात डोकावायची एकुलती एक खिडकी. मीरिम त्यांच्यातलीच. नवऱ्यापासून वेगळी झाली, सात वर्षांच्या अकमारलला आपल्या आईच्या, बुरुलचाआजीच्या, हवाली करून मॉस्कोला गेली आणि एका गोदामात साफसफाईला लागली. एजेंनी कधीकाळी तिलाही अक्षरं शिकवली होती. सूचना वाचून पहिलं उत्तर बहुतेक तिचंच यायचं, "अकमारलने मोजे बदलले का?"

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी पहाटे बुरुलचाआजी गेल्या. झोपेतच गेल्या.

दूरच्या माणसाला मृत्यू असा फोनवर कळवत नाहीत. त्याच्या आसपासची गावची चार थोरली माणसं जमतात, त्याच्या घरी जाऊन बसतात, चहा मागतात, इकडचं-तिकडचं बोलतात. मग त्यांच्यातला वयाने मोठा असतो तो सांगतो. सांगितल्या क्षणी धरायला हात हवेत, बरोबर रडायला माणसं हवीत. मीरिमचा थोरला भाऊ ओमुर्बेक याने सकाळीच मॉस्कोतल्या गावकऱ्यांना कळवलं होतं. ते संध्याकाळी, तिची कामाची पाळी संपल्यावर, तिच्या खोलीवर जाणार होते. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही, हे त्याने घरोघरी सांगून ठेवलं होतं. एजेंनाही सांगितलं होतं.

एजेंना ते पक्कं लक्षात होतं. दुपारी त्या सूचना लिहायला बसल्या ते मुलांच्या काळजीने. ओमुर्बेकचं घर, जिथे आजी राहायच्या, शाळेच्या गल्लीतच. दफन तिसऱ्या दिवशी, तोवर माणसांची रीघ लागणार. गाड्या, घोडे, बर्फावर पेटवलेल्या चुली, त्यांवर मोठाल्या कढया, आणि दारात काठ्यांवर रेलून मोठ्याने रडणारे पुरुष. सहा-सात वर्षांची मुलं त्यातून जाणार कशी? त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आजींचं नाव काढून टाकलं. मृत्यूचा शब्द कुठेही येऊ दिला नाही. शेवटी ग्रुपवर गेलं ते असं:

"पालकांनो, ओमुर्बेक यांच्या अंगणात तंबू उभारल्यामुळे शुक्रवारपर्यंत गल्ली बंद राहील. मुलांना नदीकडच्या मागच्या फाटकाने पाठवावे. वाट निसरडी आहे, जाड तळाचे बूट घालावेत. नववर्षाच्या नाटकाची तालीम सोमवारी."

फोन टेबलावर ठेवून त्या वर्गातल्या गरम पाण्याच्या नळीवर वाळत घातलेले हातमोजे उलटे करायला गेल्या. परत आल्या तेव्हा खाली एकच उत्तर होतं, मीरिमचं.

"एजे, आमच्या अंगणात तंबू? या थंडीत?"

एजेंच्या हातातले हातमोजे तसेच राहिले. भर हिवाळ्यात अंगणात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तंबू एकाच कारणासाठी उभा राहतो, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गेलेल्या माणसाला त्यातच ठेवतात. मृत्यूचा शब्द टाळता टाळता एजेंनी मृत्यूच लिहून ठेवला होता.

त्यांनी सूचना पुसली. पण वाचलेलं कसं पुसणार? मेसेज सगळ्यांनी पाहिला होता आणि उत्तर कोणीच देत नव्हतं. एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी खरडणारा कुबातही गप्प होता.

त्यांनी ओमुर्बेकला फोन लावला. मागून बायकांचा आक्रोश ऐकू येत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एजे, तुम्ही शाळेच्या बातम्या द्यायच्या होत्या. आमच्या घराची बातमी आम्ही दिली असती."

"तिच्याजवळ आत्ता कोणी जाऊ शकेल का?"

"सगळे कामावर आहेत. दोन तास तरी लागतील." आणि त्याने फोन ठेवला.

मॉस्कोत तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. ओमुर्बेकचा फोन मीरिम उचलत नव्हती, हे एजेंना नंतर कळलं. ऐकायचंच नाही म्हणून उचलत नव्हती. एजेंचा मात्र पहिल्याच घंटेला उचलला.

"कुठे आहेस तू?" एजेंनी विचारलं.

"गोदामात. एजे, तंबू कोणासाठी?"

"शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही. एक रशियन बाई आहे, खोकी रचतेय. एजे, सांगा ना."

"तिला हाक मार. तिचा हात धर, मग सांगते."

"ती मला ओळखतही नाही."

"धर म्हणते ना मी."

शाळेत हट्टी पोराला दामटायच्या त्याच आवाजात त्या बोलल्या. पलीकडे रशियनमध्ये काहीतरी बोलणं झालं, खोकं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मीरिम हळूच म्हणाली, "धरलाय."

वय, घराणं, लाभलेलं दीर्घ आयुष्य, देवाची मर्जी, असं बरंच आधी बोलायचं असतं. एजेंना त्यातलं एकही वाक्य सुचलं नाही. "तुझी आई गेली गं," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे बराच वेळ फोनमधून फक्त त्या परक्या बाईचा आवाज येत राहिला. ती काहीतरी पुटपुटत होती, बहुधा समजूत घालत होती.

मीरिमला दफनाला पोचता आलं नाही. शुक्रवारी वरच्या खिंडीतल्या बर्फाने रस्ता बंद होता आणि ती राजधानीत, बिश्केकच्या विमानतळावरच अडकली. शनिवारी घरी आली तेव्हा तंबू उतरवून झाला होता, अंगणातल्या बर्फात त्याचा काळा गोल तेवढा उरला होता. येताना लेकीने गल्लीच्या तोंडापासून रडत यायचं असतं, तशी ती आली. पण दारात काठ्या घेऊन उभे राहणारे पुरुष तोवर आपापल्या घरी गेले होते.

सातव्या दिवसाच्या जेवणाला एजे गेल्या. त्यांना मानाची जागा दिली, मांसाचा मानाचा तुकडाही वाढला. वाईट कोणी बोललं नाही. निघताना मीरिम त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली. माफी कशी मागायची, हे एजेंनी घरून ठरवून आणलं होतं, पण तिनेच आधी सुरुवात केली.

"तुम्ही मुलांच्या काळजीने लिहिलंत, मला माहीत आहे. दादालाही मी तसंच सांगितलं." "पण एजे, आता तुमच्या नावाचा मेसेज आला की माझे हात गार पडतात. मी ग्रुप सोडतेय."

"आणि अकमारल? तिचं तुला कसं कळणार?"

"वहिनी सांगेल."

वहिनीला स्वतःची चार पोरं. तिने त्या हिवाळ्यात ग्रुपवरची एकही सूचना वाचली नव्हती. एजे हे जाणून होत्या, मीरिमही जाणून होती.

जानेवारीत मीरिम परत गेली. थंडी उणे एकोणतीसवर गेली त्या सकाळी सुट्टीची सूचना तीस जणांना पोचली. अकमारल तेवढी शाळेच्या बंद दारापाशी येऊन उभी राहिली.