गिरणीवाल्या वैनींचा दाखला

"खरं हाय तेवढंच लिवा," असं म्हणून वैनी आधी हात पदराला पुसायच्या आणि मगच कागदाला लावायच्या. पुसून उपयोग काही नसायचा, कारण पदरही पिठानं पांढराच असायचा.

कोल्हापुरात माझी टायपिंगची संस्था आणि त्यांची पिठाची गिरणी एकाच गल्लीत, समोरासमोर होती. माझ्याकडे पाच मशिनं आणि त्यांच्याकडे एक, तरी आवाज त्यांचाच मोठा. नवरा वारणानगरला कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. गल्ली त्यांना वैनी म्हणायची, मीही म्हणायचे. त्या मला 'बाई' म्हणत. मी याद्या करणारी बाई. काम हातात आलं की आधी आकडे घालून यादी करायची, झालेल्या कामापुढं खूण करायची. वैनींना माझ्या याद्यांचं हसू यायचं. "बाई, तुमी जेवणाची पण यादी करत असाल की!" करत होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांची मुलगी विजू शाळेत गेलीच नाही, आणि याचा राग मला आज इतक्या वर्षांनीही येतो. सहाव्या वर्षी वैनी तिला रीतसर नाव घालायला घेऊन गेल्या होत्या. मुख्याध्यापिकेनं पाटी पुढं केली. विजूनं डाव्या हातात पेन्सिल धरून 'अ' काढला. मुख्याध्यापिकेनं पाटी काढून घेतली.

"आधी हात सुधारून आणा, मग नाव घालू."

"हात बिघडलाय कुठं?" वैनींनी विचारलं.

"मुलीच्या जातीला डावा हात शोभतो का?"

"अक्षर बरोबर आलंय न्हवं? मग शोभायचं काय हाय त्यात?"

शब्दानं शब्द वाढला. वैनींनी मुलीचा तोच डावा हात धरला आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या कोपऱ्यात एक पाट, एक पाटी आणि विजू.

गल्लीला वाटलं, आठवड्याची हौस आहे. दहा वर्षं चालली. वैनी स्वतः सातवी पास. तिथपर्यंत त्यांनी मुलीला एकटीनं ओढलं. पुढचं आधी स्वतः शिकायचं आणि मग शिकवायचं, अशी पद्धत. शिकायचं कुणाकडून? दळण घेऊन येईल त्याच्याकडून. गल्लीत एक निवृत्त ओव्हरसियर होते. त्यांचा गव्हाचा डबा वैनी मुद्दाम रांगेत मागं ठेवायच्या. "गव्हाला येळ हाय. तवर ह्ये समीकरण सोडवा की जरा." ते बिचारे पाटावर टेकायचे, आणि मायलेकी दोघी त्यांच्या वहीत डोकं घालून बसायच्या. तालमीतल्या एका पैलवानाला त्यांनी नद्यांची नावं विचारली. तो पंचगंगेवर अडकला आणि पुढच्या खेपेपासून दुसऱ्या गिरणीत जायला लागला.

मी इंग्रजी शिकवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. शाळूच्या डब्याबरोबर मी आपोआप त्या शाळेत भरती झाले.

विजू बाहेरून दहावीला बसली आणि पहिल्या वर्गात पास झाली. दहावी-बारावीची नवी पद्धत तेव्हा नुकतीच आली होती. वैनींनी पेढे वाटले, मला दोन दिले आणि म्हणाल्या, "आता कॉलेजचं कागद तुमच्याकडं. तुमचं त्येच काम हाय."

मी यादी केली. गुणपत्रिका, जन्माचा दाखला, प्रतिज्ञापत्र, फोटो, चांगल्या चालीचा दाखला, छापील अर्ज. सहाच्या सहा खुणा तीन दिवसांत झाल्या. सातवा कागद होता शाळा सोडल्याचा दाखला. तिथं माझी पेन्सिल थांबली.

कॉलेजच्या हेडक्लार्कनं आमच्याकडं न बघताच सांगितलं, "दाखला नाही तर प्रवेश नाही."

"साहेब, ती शाळेत गेलीच न्हाय, तर दाखला कोण देणार?" वैनी म्हणाल्या.

"तो तुमचा प्रश्न. शनिवार शेवटचा."

मी त्याला गुणपत्रिका दाखवली. बोर्डानं तिला बसू दिलं, पास केलं, मग तुमचं काय अडतं, असं विचारलं. त्यानं शाईच्या पॅडचं झाकण लावलं. आपण सगळ्यांनीच असा माणूस कुठं ना कुठं बघितला आहे. त्याला नियम माहीत नसतो, पण नाही म्हणणं चांगलं माहीत असतं.

आता मी काय केलं ते सांगते. मला त्याची लाज वाटते, तरी सांगते. माझ्या ओळखीचे एक हेडमास्तर होते, खेडेगावातल्या शाळेत. कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक त्यांच्या कपाटात असायचं, आणि अडलेल्याला ते एक पान फाडून देत. गुरुवारी सकाळी मी एस.टी.नं गेले आणि संध्याकाळी परत आले. दाखल्यावर शिक्का होता, सही होती, पहिली ते दहावीच्या नोंदी होत्या, 'वर्तणूक : चांगली' होतं. मी सातव्या आकड्यापुढं खूण केली आणि दाखला वैनींपुढं ठेवला.

त्यांनी मोटर बंद केली. तो कागद त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"ही पोरगी दहा वर्सं ह्या शाळेत हुती?"

"कागदावर, वैनी. नुसतं कागदावर."

"मग ती दहा वर्सं मी काय केलं, बाई?"

याद्या करणाऱ्या माणसाला असे प्रश्न यादीत धरता येत नाहीत. वैनी चिडल्या नाहीत. त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "परत देऊन या त्यास्नी. म्हणावं, लई उपकार झालं." मग म्हणाल्या, "मशीन मोकळं हाय का? माझा दाखला मी सांगते, तुमी लिवा."

मला राग आला होता. परवा शनिवार, आणि ही बाई तत्त्वं काढून बसली होती! विजूच्या वर्षाचा प्रश्न होता. मी विजूकडं बघितलं. तिनंही आईसारखीच मान हलवली. आम्ही तिघी समोर माझ्याकडं आलो आणि मी मशीनवर कागद चढवला.

"शाळेचं नाव?" मी विचारलं.

"घर."

"प्रगती?"

"गणित चांगलं. भूगोल कच्चा, कारण माझाच कच्चा."

"वर्तणूक? चांगली लिहिते."

"का म्हणून? खरं हाय तेवढंच लिवा. हट्टी. कारण सांगितल्याबिगर ऐकत न्हाय. खोटं बोलत न्हाय."

"आई!" विजू ओरडली.

"हट्टी न्हाईस? आत्ता बघ कशी वराडलीस."

मी टाइप केलं. शेवटचा रकाना होता शाळा सोडण्याचं कारण.

"माझ्याकडचं संपलं, असं लिवा."

खाली त्यांनी सही केली, आणि सहीखाली 'आई' असं लिहिलं.

शुक्रवारी हेडक्लार्कनं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. टेबलाभोवतीची सगळी पोरं हसली. "घर! उद्या कुणी गोठ्याचा दाखला आणेल!" तो म्हणाला. "आणि वर्तणूक हट्टी म्हणे. आमच्याकडं वर्तणूक चांगलीच लागते."

"साहेब," वैनींचा आवाज मोटरीवर मात करायला शिकलेला, "तुमच्याकडं आलेल्या समद्या दाखल्यांत वर्तणूक चांगलीच हाय न्हवं? मग मघाशी आमच्यासमोर दाराची काच कुणी फोडली?"

पोरं पुन्हा हसली, पण प्रवेश मिळाला नाही. हसू आलं म्हणून कुणी नियम बदलत नाही. त्याच दिवशी मी पुण्याला बोर्डाकडं रजिस्टर पत्र टाकलं. शनिवार गेला. कॉलेज सुरू झालं. विजूबरोबर पास झालेल्या मुली नव्या वह्या घेऊन गिरणीवरून जायच्या आणि ती दळण देताना खाली बघायची.

पत्राचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं. बाहेरून बसलेल्या विद्यार्थ्यांना शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही, बोर्डाचं प्रमाणपत्र पुरेसं आहे, आणि तसं परिपत्रक सर्व महाविद्यालयांना पूर्वीच पाठवलेलं आहे. पूर्वीच! मी ते पत्र घेऊन तडक हेडक्लार्ककडं गेले. त्यानं मागचं कपाट उघडलं, फाइल काढली, परिपत्रक सापडलं. तिथंच होतं, त्याच्या पाठीमागं चार हातांवर. त्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. "मुदत गेली. पुढच्या वर्षी या," म्हणाला.

मी घरी येऊन रडले. संतापानं रडले, आणि थोडंसं माझ्यासाठीही. खोटा कागद आणायला मी सबंध एक दिवस घालवला होता. खरा नियम विचारायचं माझ्या यादीत नव्हतं.

वैनींनी पत्र वाचलं, परत दिलं. "म्हंजे आपलं बरोबर हुतं की," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अकरावीची जुनी पुस्तकं कुठं मिळतात ते मला विचारायला आल्या. पुढच्या जूनमध्ये विजूला प्रवेश मिळाला. वर्ष मात्र गेलं ते गेलंच. त्या वर्षाचा जाब कुणी कुणाला विचारला नाही, म्हणून मी हे लिहिते आहे.

वैनी सहा वर्षांनी गेल्या. विजू तेव्हा परगावी नोकरीला होती. ती पोचायच्या आधी मृत्यूची नोंद करायला मीच महापालिकेत गेले. खिडकीतल्या तरुणानं नाव विचारलं, वय विचारलं, आणि व्यवसायाच्या रकान्यात न विचारताच 'घरकाम' लिहिलं.

"खोडा ते," मी म्हणाले.

"काय लिहू मग?"

"पिठाची गिरणी चालवणे. आणि शिक्षिका."

त्यानं पेन थांबवलं. "शिक्षिका? कुठल्या शाळेत?"

मागं रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "आवरा की पावणं!" मी आमच्या गल्लीचं नाव आणि वैनींचा घर नंबर सांगितला, आणि त्याचं लिहून होईपर्यंत खिडकी सोडली नाही.