शेवटच्या स्टुलावरचं गिऱ्हाईक

उस्मानपुऱ्यात नवं अमेरिकन डायनर उघडलंय. लाल रेक्झिनची स्टुलं आणि जळक्या कॉफीचा वास. टोपी न काढताच मी शेवटच्या स्टुलावर टेकलो आणि मनानं थेट फर्दापूरला, पूर्वी मी कामाला होतो त्या सलीमभाईच्या हॉटेलात पोचलो.

इंग्रजी पिक्चर बघून बघून भाईनं अस्संच हॉटेल थाटलं होतं. पिक्चरमध्ये कोपऱ्यात एक टोपीवाला पाठमोरा बसलेला असतो, म्हणून त्यानं औरंगपुऱ्यातल्या कापडदुकानाचा पुतळा आणून तिथं बसवला. न विचारता त्याच्या कपात कॉफी ओतायची, हाही पिक्चरमधलाच रिवाज.

एका भर दुपारी, हॉटेलात आम्ही दोघंच असताना, तो कप रिकामा दिसला. खोटं असेल तर दौलताबादच्या किल्ल्यावरून ढकला मला!

"तू पिला का रे?" भाईनं विचारलं.

"नाय भाई."

त्यानं घाईघाईनं तो कप असा भरला की निम्मी कॉफी पार अजिंठ्यापर्यंत सांडली. "भरत राहायचं," तो पुटपुटला. "रिकामा ठेवला तर उठंल तो."

तेव्हा मी लई हसलो. पुतळ्याच्या तोंडाकडं मात्र बघितलं नाय.

आज वेटरनं न विचारता माझा कप भरला. मी प्यालो. माझ्याकडं न बघता त्यानं परत भरला.

मागून एका पोरीची किंकाळी आली, "अब्बू, वो पुतला हिला!"