पार्किंगमधला एकच फोटो

फाइल मी केली होती, म्हणजे ती जाड होणारच. घराचा भाडेकरार, विमा, विजेची बिलं, दोघांच्या नावानं आलेली लायब्ररीची ताकीदसुद्धा, सगळं रंगीत टॅब लावून. बायकोच्या ग्रीन कार्डची मुलाखत होती; आमचं लग्न खरं आहे, नुसतं कागदावरचं नाही, हे पटवायचं होतं. कंपनीनं माणसं कमी केली त्यात तिची नोकरी गेली होती आणि नोकरीबरोबर वर्क व्हिसाही. निकाल लागेपर्यंत तिला आईला भेटायलाही जाता येत नव्हतं, आणि अर्ज नामंजूर झाला तर बॅगा भरून नागपूरला परत, एवढं सरळ होतं.

लग्नाच्या टॅबमागे मात्र एकच फोटो होता. आमच्या इथल्या श्रूजबरी गावच्या टाउन हॉलच्या पार्किंगमध्ये मीच काढलेला सेल्फी. दोघांच्या गळ्यात हारांच्या जागी ऑफिसचे बॅज.

माझं हे दुसरं लग्न. पहिलं पुण्यात झालं होतं. कार्यालय, चारशे पानं, सनई, रुसलेले काका, काही कमी नव्हतं. ती बायको गेल्यावर सहा वर्षांनी, बावन्नाव्या वर्षी पुन्हा लग्न करायचं म्हणजे मला लाज वाटत होती. इथल्या मराठी मंडळातले लोक गणपतीत काय बोलतील याचीच धास्ती. म्हणून मी जाहीर करून टाकलं, "आता या वयात कशाला गाजावाजा?" आणि स्वतःच्या साधेपणावर खूश झालो. तिचं वय चव्वेचाळीस आणि तिचं हे पहिलंच लग्न, हे मला माहीत होतं. डोक्यात शिरलेलं नव्हतं.

लग्नाला मंगळवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली, कारण अकराला दोघांनाही मीटिंग होती. कॉलेजातल्या मुलीला मेसेज केला. "कूल, बाबा," असं उत्तर आलं. नागपूरहून सासूबाईंचं एकच म्हणणं होतं, निदान व्हिडिओ लावा, इथून अक्षता टाकीन. मी बायकोला म्हटलं, दहा मिनिटांचं काम, लग्न लावणारी ती क्लार्क बाई कुठे थांबणार, शनिवारी निवांत बोलू. ती बरं म्हणाली. विषय संपला, असं मी धरलं.

मुलाखतीची तयारी मी तिच्याकडून दहावीसारखी करून घेतली होती. माझ्या बहिणीच्या मुलांची नावं, सकाळचा चहा कोण करतं, पलंगाची कुठली बाजू कोणाची. उत्तरं छोटी द्यायची आणि कशालाही नाही म्हणायचं नाही, ही माझी खास सूचना.

ऑफिसर माझ्याच वयाची बाई होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला. माझ्या टॅबकडे तिनं पाहिलंही नाही. फोटो उचलला आणि विचारलं, "एवढाच?"

मी साधेपणावर सुरू झालो. तिनं हात वर करून मला थांबवलं आणि बायकोकडे वळली.

"तुमच्या घरचं कोणीच नव्हतं?"

"नाही."

"तुम्हाला ते चाललं?"

मी टेबलाखाली बायकोच्या पायाला पाय लावला. तिनं पाय मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली. "नाही चाललं."

मग ती सावकाश इंग्रजीत सांगत गेली. व्हिडिओ नाही, हे तिच्यानं आईला सांगवलंच नव्हतं. ऐन वेळी मी फोन लावीन अशी तिला आशा होती. तिकडे संध्याकाळी आई रेशमी साडी नेसली, शेजारच्या दोघींना बोलावलं, तांब्याला टेकवून फोन उभा केला आणि मुठीत अक्षता घेऊन बसली. तासाभरानं शेजारणींना पेढे देऊन घरी पाठवलं.

"यांना हे अजून माहीत नाही," ती शेवटी म्हणाली.

मी ते एका सरकारी बाईबरोबर पहिल्यांदा ऐकत होतो. आणि खरं सांगायचं तर आधी माझ्या मनात आलं, गेली केस. सासूबाई त्यानंतर आल्या. हा क्रम मला अजून लाजवतो.

लहानपणी खोडी पकडल्यावर आमची आत्या पाहायची, तसं ऑफिसरनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ टाइप केलं. खोट्या लग्नांच्या फाइलीत फोटो भरपूर असतात, असं काहीतरी ती पुटपुटली आणि अर्ज मंजूर करतेय म्हणाली. मी दोन वर्षं जमवलेल्या कागदांनी जे केलं नसतं, ते बायकोच्या तक्रारीनं केलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे? तिनं विचारलं." आवाजात राग नव्हता. ती सीट बेल्ट लावत होती.

मग तिनं नागपूरला फोन लावला, बातमी सांगितली आणि फोन माझ्याकडे दिला. तिकडे रात्रीची जेवणं चालली असावीत. मी मनात चार वाक्यं जुळवली होती.

"आई, त्या दिवशी तुम्ही..."

"अहो, असू द्या ते आता," सासूबाई म्हणाल्या. "हिला यायला मिळंल ना इकडं? दोन वर्षं झाली पाहून."

"मिळेल," मी म्हटलं.

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि मी जेवलो का ते विचारलं. उरलेली वाक्यं बोलायला त्यांनी मला जागाच ठेवली नाही.