नानांच्या कडा

माणसाच्या कडा किती मऊ कराव्यात याला काही मर्यादा असते, हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

आमच्या सायलीचा साखरपुडा मुलुंडच्या एका हॉलमध्ये झाला. फोटोवाल्याने "चला, सगळी फॅमिली स्टेजवर!" अशी हाक दिली, तेव्हा झाडून सगळे आले. आले नाहीत ते फक्त माझे थोरले दीर, नाना. ते मागे आचाऱ्याला सोलकढी कशी करावी हे शिकवत होते. (आचारी मालवणचाच होता. तरीही!) फोटो निघाला, सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला आणि चेंबूरहून नानांचा फोन आला.

"गो सुनिता, माका फोटोत घेतलास नाय, मगे लग्नाक तरी कित्याक बोलवतास? मी येवचंय नाय!"

"अहो नाना, तुम्ही तेव्हा सोलकढीत होतात!"

फोन कट!

आता, आमच्या ह्यांना वडिलांच्या मागे नानांनीच वाढवलेलं. हे सरळ म्हणाले, "नाना नसतील तर मी कन्यादानाला बसणार नाही." लग्न तोंडावर आलेलं आणि मुलीचा बाप संपावर! वाट लागली ना! मी रात्रभर तळमळले आणि सकाळी ठरवलं. नाना फोटोत नाहीत एवढंच ना? मग मी त्यांना फोटोत आणणार. आणणार म्हणजे आणणारच!

"आई, फोटोवाल्याला सांग ना गं," सायली म्हणाली.

"त्याच्यामुळेच तर हे सगळं रामायण झालं! माझं मी बघते."

लॅपटॉप सायलीचा, सॉफ्टवेअर सायलीचं, हट्ट माझा. पहिली अडचण, नाना फोटोत हसत नाहीत. हसरा फोटो एकच सापडला, मालाडच्या मासळी बाजारातला, दोन्ही हातांवर आडवी सुरमई घेतलेला. मी सुरमई काढून टाकली. (कॉम्प्युटरवर फार सोपं असतं, काटे टोचत नाहीत.) हात मात्र तसेच पसरलेले राहिले, आहेर घ्यायला उभे असल्यासारखे. असू दे म्हटलं, थोरले आहेत, घेतला आहेर तर काय बिघडलं! ह्यांच्या आणि माझ्या मधोमध नानांना उभं केलं आणि ह्यांना बोलावलं.

"हा माझा भाऊ नाही," हे म्हणाले. "पुठ्ठा आहे."

खरंच, कात्रीने कापून डिंकाने चिकटवल्यासारखे दिसत होते. मग मी एक व्हिडिओ बघितला. त्यातला मुलगा म्हणाला, कडा जरा मऊ करा. तिथे एक पट्टी असते, ती सरकवत न्यायची. मी नेली. पार शेवटपर्यंत नेली! (अर्धवट काम मला जमत नाही.) नाना असे मऊ झाले, असे मऊ झाले, की डोक्यामागे पांढरा उजेड आला आणि कमरेखाली धुकं पसरलं. मला तर बाई आवडलं! मी तेवढाच भाग फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या सगळ्यांचे लाडके नाना," आणि पुढे दोन जोडलेले हात.

आपल्याकडे धुक्यातून वर आलेला माणूस नाक्यावरच्या बॅनरवर कशासाठी लावतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिला फोन कांजूरमार्गच्या नणंदबाईंचा. हुंदक्यांवर हुंदके! "वहिनी, कधी झालं गं? परवा तर माझ्याशी भांडले!"

"अहो, काही झालेलं नाही! मी फक्त त्यांच्या कडा मऊ केल्या!"

"अगं बाई, शेवटी कडासुद्धा मऊ पडल्या का?" म्हणत त्यांनी आणखी मोठ्याने गळा काढला.

इकडे ग्रुपवर 'ॐ शांती'ची रांग लागलेली. आणि त्या रांगेत खुद्द नानांचा मेसेज! "भावपूर्ण श्रद्धांजली. फार भला माणूस होता." पाठोपाठ त्यांचा फोन.

"गो, कोण गेलो? माझो चष्मो गावना नाय."

"कोण्णी नाही हो नाना! तुम्ही फोटो उघडू नका. मी काढते, आत्ता काढते!"

तेवढ्यात त्यांना चष्मा सापडला. मग स्फोट! "आधी फोटोतून काढलंस, आता जगातून काढतंस?"

मला रडूच कोसळलं. पण आता माघार घेतली असती तर पोरीचं लग्न बापाशिवाय लागलं असतं. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली आणि मी पदर खोचून परत बसले. फोटो एवढा मोठा केला की नानांचा एक कान म्हणजे अख्खा स्क्रीन! पट्टी अगदी जपून सरकवली. कानाजवळ इतकीशी, खांद्याजवळ तितकीशी. मासळी बाजाराचं काहीबाही अंगाला चिकटून आलं होतं. बर्फ होता, टोपलीचा काठ होता, कोपराजवळ हिरवी ताडपत्री होती. सगळ्यावरून स्टेजमागचा मरून रंगाचा पडदा फिरवला आणि बाजार साफ पुसून टाकला. मग मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली आणि ह्यांना घेऊन चेंबूर गाठलं.

नानांनी चष्मा पुसला. फोटो जवळ घेतला, लांब धरला. स्वतःचा कान चाचपून फोटोतल्या कानाशी ताडून पाहिला.

"हां," नाना म्हणाले. "आता बरां दिसता. सगळी इली. लग्नाक येतलंय मी."

ह्यांनी नानांना मिठीच मारली. मला तर जग जिंकल्यासारखं झालं. खाली उतरता उतरताच मी फोटो ग्रुपवर टाकला, सायलीच्या सासरीही पाठवला. कौतुकाचा नुसता पाऊस! मग विहीणबाईंचा फोन आला.

"सुनिताताई, फोटो काय सुंदर झालाय हो! सगळं घर आलं. फक्त तुम्ही कुठे दिसत नाही ते?"

"असं काय करता? ती काय मी, नानांच्या शेजारी…" म्हणत मी फोटो उघडला.

नानांच्या शेजारी मरून पडदा होता. मी ताडपत्री म्हणून पुसलेली ती माझी हिरवी पैठणी होती, आणि तिच्या मागोमाग नवऱ्या मुलीची आई गेली होती! पुढे खुर्चीत बसलेल्या सायलीच्या खांद्यावर बांगड्यांसकट माझा एक हात तेवढा उरला होता. पण त्याच्या कडा, खरं सांगते, इतक्या सुरेख मऊ झाल्या होत्या की तो कुणाचा म्हणून घरातल्या एकानेही विचारलं नव्हतं!