चालू सर्व्हरला चढवलेली मेमरी

आता हसायचंच असेल तर आधी हसून घ्या, कारण एवढा मोठा गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही!

नंदेसरीतल्या एका केमिकल कारखान्यात मी सर्व्हर सांभाळते. जिग्नेशभाई आमचे सामान पुरवणारे. त्यांनी मुख्य सर्व्हर चालू असतानाच त्यात जादा मेमरी बसवून दिली.

आता हे बघा, सर्व्हर कोसळला तर कोसळताना तो मेमरीतलं सगळं एका फाइलीत उतरवून ठेवतो. डंप म्हणतात त्याला. पंचनामाच म्हणा ना! पण मेमरी वाढली की त्या पंचनाम्यालाही सांगावं लागतं, "बाबा रे, घराला नवी खोली काढलीय." ते सेटिंग मी केलं. मग चाचणी नको? त्यासाठी वेगळं मशीन होतं. त्याला मुद्दाम पाडायची कमांड टाइप केली आणि दाबलं एंटर.

तेवढ्यात बाहेर बोंब! "स्मिताबेन, बधुं बंध थई गयुं!"

सगळं बंद! मुख्य सर्व्हर आडवा! गेटवर टँकरची रांग, पावती निघेना, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेले. आमचे पटेलसाहेब घाम पुसत आले.

"शुं थयुं?"

"जिग्नेशभाईंची मेमरी!" मी ठणकावून सांगितलं. "माल खराब आहे, साहेब."

काय तो आत्मविश्वास! साहेबांनी जिग्नेशभाईंना फोनवरच झापलं. बिचारे शहरातल्या अकोटा भागातून भर उन्हात स्कूटर हाणत आले. "बेन, वीस वर्षं धंदा करतो. एक पीस परत नाही आला!" त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मी मात्र हाताची घडी घालून उभी.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला, टँकर हलले. साहेब म्हणाले, "तुमचा पंचनामा उघडा. गुन्हेगार कोण ते कळू दे."

उघडला की मी, तोऱ्यात! नव्या मेमरीसकट सगळा डंप अगदी व्यवस्थित उतरला होता. कारण काय लिहिलेलं? सर्व्हर मुद्दाम पाडला. कमांड देणारं खातं? स्मिता!

अहो, पडद्यावर दोन मशीनच्या दोन खिडक्या उघड्या होत्या, दोन्ही काळ्याकुट्ट. मी टाइप केलं होतं भलतीतच!

मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालेलं. जिग्नेशभाईंनी शांतपणे हेल्मेट उचललं.

"मेमरी तो बराबर छे, बेन," ते म्हणाले. "तमारी चेक करावो!"